मेलेला फॉल्ट परत कसा उठतो? जुन्या भेगा, नवे झटके

११ नोव्हेंबर २०१९. फ्रान्सच्या आग्नेय भागात, ऱ्होन नदीकाठी ले तेय नावाचं छोटं गाव आहे, तिथे दुपारी बाराला काही मिनिटं कमी असताना भूकंप झाला. आकडा ४.९, म्हणजे तसा किरकोळच, एवढे भूकंप जगात रोज कुठे ना कुठे होतच असतात. पण हा जमिनीखाली जेमतेम एक किलोमीटरवर झाला, त्यामुळे शेकडो घरांना तडे गेले, आणि वर फ्रान्समध्ये सहसा बघायलाच मिळत नाही अशी गोष्ट घडली, ती म्हणजे जमीन थेट पृष्ठभागापर्यंत फाटली. साधारण पाच किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात एका बाजूची जमीन दुसरीपेक्षा १०-१५ सेंटीमीटर वर आली, डांबरी रस्त्यांवर भेगा दिसल्या.

भूशास्त्रज्ञांनी त्या भेगा नकाशावर मांडल्या तर त्या एका जुन्या फॉल्टवर, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलाय अशा भेगेवर, बरोब्बर बसल्या. त्याचं नाव ला रुव्हिएर फॉल्ट, नकाशात आधीपासून होता, पण हा परत हलेल असं कोणी गृहीत धरलं नव्हतं कारण त्याची मोठी हालचाल झाली होती साधारण ३ कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा तो सगळा प्रदेश ताणला जात होता आणि फॉल्टच्या एका बाजूचा खडक खाली घसरला होता. आणि २०१९ मध्ये काय झालं, तर तीच बाजू, त्याच भेगेवरून, वर सरकली. उलट्या दिशेने! म्हणजे ज्या जिन्यावरून माणूस खाली गेला त्याच जिन्याने ३ कोटी वर्षांनी परत वर यायला लागला.

हे असं का होतं, नवीन ठिकाणी फुटायचं सोडून पृथ्वी जुन्याच भेगेकडे का वळते, हे मला बरीच वर्षं नीट कळत नव्हतं. "कमकुवत जागा असते म्हणून" एवढंच सगळे सांगतात आणि पुढे जातात. पण ते अर्धंच उत्तर आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त मजेशीर आहे.

आधी फॉल्ट म्हणजे काय ते पटकन. शाळेच्या भूगोलात याला प्रस्तरभंग किंवा भ्रंश म्हणायचे. नुसती भेग म्हणजे फॉल्ट नाही, भेगेच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकलेल्या असल्या पाहिजेत. कवच ताणलं गेलं की एक बाजू खाली घसरते, हा नॉर्मल फॉल्ट. दाबलं गेलं की एक बाजू दुसरीवर चढते, हा रिव्हर्स फॉल्ट, आणि तो फारसा उभा नसून बराच लोळलेला असला तर त्याला थ्रस्ट म्हणतात. आणि दोन्ही बाजू आडव्या एकमेकींना घासत गेल्या तर स्ट्राइक-स्लिप. नकाशावर फॉल्ट एका बारीक रेघेसारखा दिसतो पण जागेवर जाऊन बघितलं तर तो पट्टा असतो, कधी काही मीटर, कधी शेकडो मीटर रुंद, मधोमध खडकाचा अगदी चुरा, पीठ झालेलं, आणि बाहेरच्या अंगाला तडकलेला खडक. म्हणून मोठ्या फॉल्टला फॉल्ट झोन म्हणतात.

आता मुद्दा. अखंड खडक फोडायचा तर दोन गोष्टींवर मात करावी लागते. एक म्हणजे खडकाची स्वतःची चिकटून राहण्याची ताकद, कण कणाला धरून असतो ती, आणि दुसरी म्हणजे फुटल्यावर दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात ते घर्षण. जुन्या फॉल्टमध्ये पहिलं काम आधीच उरकलेलं असतं, घर्षण तेवढं जिंकायचं. प्रयोगशाळेत ग्रॅनाइटचा अखंड दंडगोल प्रेसमध्ये घालतात आणि शेजारी तसाच दुसरा, पण करवतीने तिरका कापून परत जुळवलेला, तर कापलेला कितीतरी कमी जोरात सरकतो. अमेरिकेतल्या जेम्स बायर्ली यांनी १९७८ मध्ये अशा ढीगभर प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा गंमत अशी दिसली की खडक कुठला आहे याने फारसा फरकच पडत नाही. ग्रॅनाइट असो, चुनखडी असो, वालुकाश्म असो, घर्षणाचा गुणांक, म्हणजे दोन बाजू जितक्या जोरात आवळल्यात त्याच्या किती पट जोर सरकवायला लागतो तो आकडा, बहुतेक वेळा ०.६ ते ०.८५ च्या आसपासच येतो. याला सणसणीत अपवाद आहे एकच, चिकणमाती, तिच्याकडे नंतर येतो.

मग प्रश्न असा की जुनी भेग नेहमीच सोपी, तर सगळेच जुने फॉल्ट सतत का हलत नाहीत? जगात जुने फॉल्ट लाखोंनी आहेत आणि त्यातले बहुसंख्य एकदम शांत आहेत. कारण कोन.

हे घरी करून बघता येतं. साबणाच्या दोन कोरड्या वड्या घ्या. एकीला लांबीच्या दिशेशी ३० अंशांचा कोन करून तिरका काप द्या, दुसरीला जवळजवळ आडवा, ७०-८० अंशांवर. तुकडे परत जुळवा आणि वडीच्या दोन टोकांना दोन अंगठ्यांनी सरळ दाबा. पहिली वडी लगेच कापावरून सटकते. दुसरी सटकत नाही, कितीही दाबा, उलट जितकं दाबाल तितके तुकडे एकमेकांवर घट्ट बसतात. काप दोन्हीत आहे, कमकुवत जागा दोन्हीत आहे, पण दुसऱ्या वडीत तुमचा जोर सरकवण्याऐवजी आवळण्यातच जातो.

खडकातही हेच. घर्षण ०.६ धरलं तर दाबाच्या दिशेशी साधारण ३० अंश कोन करणारा फॉल्ट सगळ्यात सहज सरकतो, त्याहून कोन वाढत गेला की अवघड होत जातं आणि ६० अंशांना कुलूप लागतं. तिथून पुढे जुन्या भेगेवरून सरकण्यापेक्षा नवीन खडक फोडणं परवडतं. न्यूझीलंडचे रिक सिब्सन यांनी १९८५ मध्ये हे गणित अगदी छोट्याशा लेखात मांडलं आणि तेव्हापासून या विषयात कोणी काहीही लिहिलं तरी ते तिथूनच सुरू होतं.

आता यातली खरी अडचण बघा. नॉर्मल फॉल्ट जन्मतो तेव्हा सगळ्यात मोठा दाब असतो वरून, म्हणजे वरच्या खडकाच्या वजनाचा, आणि फॉल्ट त्याच्याशी ३० अंश करून तयार होतो. उभ्या रेषेशी ३० म्हणजे जमिनीशी ६०. बरोबर? म्हणून नॉर्मल फॉल्ट साधारण ६० अंशांवर कललेले असतात. मग कोट्यवधी वर्षांनी परिस्थिती बदलते, कुठेतरी दोन खंड भिडतात आणि दाब आडवा यायला लागतो. आडव्या दाबाशी आपल्या या फॉल्टचा कोन किती? ६०. म्हणजे नेमका कुलपाच्या उंबरठ्यावर! कागदावरच्या हिशोबाने नॉर्मल फॉल्ट उलटे फिरायलाच नकोत, आणि प्रत्यक्षात ते जगभर उलटे फिरलेले दिसतात. मग कुलूप उघडतं कोण?

बऱ्याचदा पाणी. इथे लोक हमखास चुकतात, त्यांना वाटतं पाणी वंगणाचं काम करतं, तेलासारखं. नाही. पाणी फॉल्टच्या दोन बाजू आतून ढकलून एकमेकींपासून हलक्या करतं. घर्षण अवलंबून असतं दोन बाजू किती जोरात आवळल्यात त्यावर, आणि आतल्या पाण्याचा दाब त्या आवळण्यातून सरळ वजा होतो. किंग हबर्ट आणि विल्यम रुबी यांनी १९५९ मध्ये हे समजावायला बियरचा रिकामा कॅन वापरला होता. कॅन फ्रीझरमध्ये गार करायचा, उघडं तोंड खाली करून ओल्या काचेवर पालथा ठेवायचा आणि काच अगदी किंचित, एखाद अंश, तिरकी करायची. एरवी तो सरकायला सतराएक अंशांचा उतार लागतो. पण आतली गार हवा खोलीच्या उबेने फुगते, कॅनला आतून उचलायला बघते, आणि कॅन त्या नावापुरत्या उतारावरून आपोआप चालायला लागतो. काचेच्या कडेच्या बाहेर तोंड आलं की हवा निसटते आणि कॅन थांबतो. वजन तेच, काच तीच, उतार तोच, बदलला तो फक्त आतला दाब.

फॉल्टमध्येही हे "हवा निसटली की थांबतो" असतं आणि त्यातून सोनं तयार होतं. थट्टा नाही. कॅनडातल्या कितीतरी जुन्या सोन्याच्या खाणी अशाच तीव्र उताराच्या रिव्हर्स फॉल्टवर आहेत, म्हणजे जे कोनाच्या हिशोबाने हलायलाच नको होते त्यांच्यावर. सिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं ते असं की खोलवर अडकलेल्या गरम पाण्याचा दाब वाढत वाढत वरच्या अख्ख्या खडकाच्या वजनाइतका होतो, मग कुलूप तुटतं, फॉल्ट सरकतो, भूकंप होतो, वाट मोकळी झाल्यावर पाणी भसकन वर धावतं, दाब पडतो, दाब पडल्यावर पाण्यात विरघळलेलं क्वार्ट्झ आणि त्याच्यासोबत सोनं तिथेच खाली बसतं, भेग बुजते, आणि परत पहिल्यापासून दाब साठायला सुरुवात. याचा पुरावा खाणीच्या भिंतीवर डोळ्यांनी दिसतो, उभट फॉल्टच्या शेजारून निघालेल्या क्वार्ट्झच्या चक्क आडव्या शिरा. आडवी शीर भरायची तर आधी भेग आडवी उघडली पाहिजे, आणि आडवी भेग उघडायला डोक्यावरचे कित्येक किलोमीटर खडक उचलले गेले पाहिजेत. ते पाण्याने उचलले होते. अशा एकेका शिरेत थरावर थर असतात, म्हणजे हे एकदा नाही, कितीतरी वेळा झालेलं आहे.

माणसाने हाच प्रयोग नकळत केलाय. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराच्या रसायन कारखान्याचं सांडपाणी मुरवायला ३,६०० मीटरहून खोल विहीर खणली, १९६२ च्या मार्चमध्ये पाणी सोडायला सुरुवात केली आणि महिन्याभरात धक्के जाणवायला लागले. १९६६ मध्ये पाणी बंद केलं तरी सगळ्यात मोठे धक्के आले १९६७ मध्ये, कारण आत गेलेला दाब भेगांमधून पसरत राहिला. मग कोलोरॅडोमधल्याच रेंजली तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम पाण्याचा दाब वाढवून-कमी करून बघितला, आणि नळ सोडल्या-बंद केल्यासारखे लहान भूकंप सुरू आणि बंद करता आले. कोयनेचं धरणही याच गटात येतं, जलाशय १९६२ पासून भरायला लागला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला. तिथले फॉल्ट धरणाने बनवले नाहीत, ते खाली आधीपासून होतेच आणि सरकायच्या बेतात होते, पाण्याच्या दाबाने त्यांना शेवटचा हात लावला. ओक्लाहोमात २०११ मध्ये ५.७ चा भूकंप झाला तो विल्झेटा फॉल्टवर, हा साधारण ३० कोटी वर्षं जुना, आणि तिथेही तेल उपशातलं खारं पाणी जमिनीत खोल सोडलं जात होतं. या सगळ्यातून मला सगळ्यात धक्कादायक वाटतं ते हे की किती थोडा दाब पुरतो. कवच जागोजागी इतकं भरत आलेलं असतं की दहा मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा जास्तीचा दाबही कधीकधी निमित्त ठरतो.

आता ती चिकणमाती. साबणाच्या दुसऱ्या वडीला, ती न सरकणारी, पाणी लावलं तर तीही सुळकन घसरते ना, कारण आता पृष्ठभागच बुळबुळीत झालाय. जुन्या फॉल्टचं असंच होतं. खडकाचा चुरा झालेला, त्यात पाणी फिरतं, लाखो वर्षं रासायनिक क्रिया चालतात आणि फेल्डस्पार वगैरे खनिजांची माती होते. काही मातींचं घर्षण ०.१ ते ०.२ इतकं कमी असतं. कॅलिफोर्नियात पार्कफील्डजवळ सॅन अँड्रियास फॉल्टमध्ये थेट भोक पाडून जवळजवळ पावणेतीन किलोमीटर खोलीवरचे नमुने काढले, तर सरकणारा भाग निघाला दोन अरुंद पट्ट्यांपुरता, एक अडीच मीटरच्या आसपास आणि दुसरा त्याहूनही कमी, आणि दोन्हींत सॅपोनाइट नावाची मऊ माती ठासून भरलेली. एवढा नावाजलेला फॉल्ट आणि त्या जागी तो चालतो तो खोलीच्या रुंदीएवढ्या चिखलावर.

पण याच्या उलटही होतं, आणि हे सांगायचं बहुतेक लेखात राहून जातं. फॉल्ट बरा होतो. पाण्यातून क्वार्ट्झ किंवा कॅल्साइट येऊन भेगा सांधते, हाड जुळावं तशी, आणि कधीकधी सांधलेला भाग आजूबाजूच्या खडकापेक्षा टणक होतो. असा फॉल्ट डोंगरात बघितला तर तो घळीसारखा खोल न जाता उलटा भिंतीसारखा वर उठून दिसतो, कारण शेजारचा खडक झिजला आणि हा टिकला. तो परत सरकण्याची शक्यता कमी. म्हणजे जुना आहे म्हणून कमकुवत असं सरसकट म्हणता येत नाही, त्याच्या पोटात माती झाली की क्वार्ट्झ भरलं यावर ते ठरतं.

आता एक फॉल्ट जरा जवळून बघू, कारण एकाच दगडात दोन जन्म वाचता येणं ही भारी गोष्ट आहे. ग्रँड कॅन्यनच्या पूर्व टोकाला ब्यूट फॉल्ट आहे. चार्ल्स वॉलकॉट नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८८२-८३ चा अख्खा हिवाळा त्या दरीत तंबू ठोकून काढला आणि १८९० मध्ये त्याबद्दल लिहिलं. तिथे वरचे थर बघा, तर फॉल्टच्या पश्चिमेचा भाग उंच आहे आणि पूर्वेचा खाली. थर मधे तुटलेले नाहीत, पायरीवर सतरंजी टाकल्यावर ती जशी वाकून उतरते तसे वाकलेत. यावरून कोणीही म्हणेल पश्चिम वर गेली, विषय संपला. पण आता नदीच्या अंगाला खाली उतरून त्याच फॉल्टचे जुने थर बघा, तर चित्र उलटं, पश्चिमेचे थर खाली पडलेले! एकाच फॉल्टने वरच्यांना वर उचललंय आणि खालच्यांना खाली टाकलंय, हे एका झटक्यात शक्यच नाही.

उलगडा असा. ७५ कोटी वर्षांच्या आसपास, रोडिनिया नावाचा महाखंड तुटायच्या काळात हा भाग ताणला जात होता, तेव्हा पश्चिमेची बाजू खाली घसरत गेली आणि घसरता घसरता तिच्यावर समुद्रातला गाळ साठत गेला. मग कोट्यवधी वर्षं झीज. सगळं सपाट झालं. ५० कोटी वर्षांच्या सुमाराला त्या सपाटीवर नवीन समुद्र आला आणि त्याने दोन्ही बाजूंवर सारखी वाळू अंथरली, फॉल्ट खाली गाडला गेला, वरून पत्ताही लागू नये असा. आणि मग ७ ते ५ कोटी वर्षांपूर्वी अमेरिकेचा पश्चिम भाग दाबला जायला लागला, तेव्हा हा गाडलेला फॉल्ट उठला आणि त्याने पश्चिमेची बाजू वर ढकलली. वरचे थर फक्त दुसऱ्या हालचालीचे साक्षीदार, म्हणून ते वर. खालचे थर दोन्हींचे साक्षीदार, पण पहिली घसरण इतकी मोठी होती की दुसऱ्या उचलीने ती पूर्ण भरून निघाली नाही, म्हणून ते अजून खालीच. ज्याला हे एकदा दिसलं त्याला मग दुसरीकडेही दिसायला लागतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला आइल ऑफ वाइट बेटावर पांढऱ्या खडूच्या दगडाचे थर जवळजवळ उभे झालेत, त्यांच्या खालीही डायनोसॉरच्या काळातला नॉर्मल फॉल्टच आहे जो पुढे आल्प्स उभे राहताना आलेल्या दाबाने उलटा फिरला. या प्रकाराला इन्व्हर्जन म्हणतात.

कच्छ हे याचंच जिवंत रूप, जिवंत म्हणजे आत्ता चालू असलेलं. भारत ज्याचा भाग होता तो गोंडवन नावाचा महाखंड फुटत होता तेव्हा, ज्युरासिक काळाच्या आगेमागे, तिथे खचदरी तयार झाली, नॉर्मल फॉल्टांच्या मधला भाग खचत गेला आणि गाळाने भरत गेला. खचणं पुढे थांबलं. मग साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय प्लेट उत्तरेला आशियाला भिडली आणि तो दाब आजही येतोच आहे, प्लेटची कड कच्छपासून शेकडो किलोमीटर लांब असली तरी. २६ जानेवारी २००१ चा भूकंप, ७.६ किंवा ७.७, वीसेक किलोमीटर खोलीवर सुरू झाला आणि तो होता रिव्हर्स प्रकारचा. पण ज्या प्रतलावर सरकला त्याचा कल होता ५० अंशांच्या आसपास. वरच्या कोनाच्या हिशोबाने आडव्या दाबात नव्याने जन्मलेला थ्रस्ट ३० च्या जवळपास असायला हवा, मग हा इतका उभा का? कारण तो थ्रस्ट म्हणून जन्मलेलाच नाही, नॉर्मल फॉल्टांच्या जुन्या घरातला आहे असंच बहुतेक अभ्यासक मानतात. त्याआधी १८१९ च्या जूनमध्ये कच्छच्या रणात असाच मोठा भूकंप होऊन ऐंशीएक किलोमीटर लांब जमीन बांधासारखी वर आली, शेजारची जमीन खचून सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला, आणि लोकांनी त्या उंचवट्याला नाव दिलं अल्लाहबंद, म्हणजे माणसाने न बांधलेला बांध. भूशास्त्राच्या दृष्टीने याहून नेमकं नाव सापडणार नाही.

हे सगळं मोठ्या पटावर बसवलं ते कॅनडाच्या ट्युझो विल्सन यांनी. १९६६ मध्ये त्यांनी प्रश्न विचारला की अटलांटिक आधी एकदा बंद होऊन मग परत उघडला का? कारण अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे जुने जीवाश्म भलत्याच बाजूला सापडत होते, स्कॉटलंडमधले उत्तर अमेरिकेशी जुळणारे. उत्तर निघालं हो. आजच्या अटलांटिकच्या आधी तिथे आयपेटस नावाचा समुद्र होता, तो मिटताना दोन्ही काठ भिडून डोंगर उभे राहिले, आणि कोट्यवधी वर्षांनी महाखंड परत फुटायला लागला तेव्हा तो बराचसा त्याच जुन्या शिवणीच्या आसपास उसवला. अगदी त्याच टाक्यांवर नाही, थोडं इकडे थोडं तिकडे, म्हणूनच काही जीवाश्म चुकीच्या काठावर राहून गेले. डोंगर उभे राहताना जे थ्रस्ट झाले त्यांच्यावरूनच पुढे उसवताना नॉर्मल फॉल्ट सरकले, म्हणजे कच्छच्या बरोब्बर उलटा क्रम.

त्याच शिवणीचा एक धागा म्हणजे स्कॉटलंडचा ग्रेट ग्लेन फॉल्ट, ४० कोटी वर्षांहून जुना. आधी त्याच्या दोन बाजू डावीकडे सरकल्या, खूप नंतर उजवीकडे. त्याने इतका चुरा करून ठेवला होता की हिमयुगात हिमनद्यांना तो पट्टा खरवडायला सोपा गेला आणि त्या खाचेत आज लॉक नेस सरोवर आहे, दोनशे मीटरहून खोल. राक्षसाच्या गोष्टी सगळ्यांना माहीत, फॉल्टची कोणालाच नाही. १९०१ मध्ये तिथे ५ च्या आसपासचा भूकंप होऊन फॉल्टलगतच्या कालव्याच्या काठाला लांबलचक भेग पडली होती, म्हणजे म्हातारा अजून कूस बदलतो.

उठवायला नेहमी खंडच भिडायला हवेत असंही नाही. स्वीडनच्या उत्तरेला हिमयुग संपताना बर्फाचं अफाट ओझं उतरलं, दबलेलं कवच उसळायला लागलं, आणि पार्वी नावाचा १५५ किलोमीटर लांबीचा फॉल्ट साधारण १०,००० वर्षांपूर्वी सरकून काही ठिकाणी दहा मीटर उंचीची पायरी उभी राहिली. अमेरिकेच्या मध्यात न्यू मॅड्रिडला १८११-१२ च्या हिवाळ्यात ७ च्या वरचे भूकंप लागोपाठ झाले ते ५० कोटी वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेल्या खचदरीवर, आणि तिथे नेमकं कुठलं कारण यावर अजून भांडणं चालू आहेत.

एवढे जुने आकडे येतात कुठून हेही सांगतो. फॉल्टच्या घासलेल्या पृष्ठभागावर ओरखडे उमटतात, बोट फिरवलं तर जाणवणारे, आणि कधीकधी एका दिशेच्या ओरखड्यांवर दुसऱ्या दिशेचे पडलेले दिसतात, म्हणजे क्रम तिथेच लिहिलेला. वेळ काढायची तर चुऱ्यात वाढलेल्या इलाइट नावाच्या मातीतलं पोटॅशियम आणि त्यापासून झालेला आर्गॉन मोजतात, किंवा भेगेत बसलेल्या कॅल्साइटमधलं युरेनियम आणि शिसं. फार जोरात सरकला असेल तर घर्षणाच्या उष्णतेने खडक क्षणभर वितळून काळ्या काचेसारख्या शिरा झालेल्या असतात, त्यांचंही वय काढता येतं. अडचण एकच, फॉल्ट नवीन हालचालीत जुने पुरावे पुसत जातो, त्यामुळे शंभरदा सरकला असेल तर त्यातले तीन-चार प्रसंग हाती लागले तरी नशीब.

आणि म्हणून "सक्रिय फॉल्ट" ही व्याख्या मला कायम कारकुनी वाटते. कॅलिफोर्नियाचा १९७२ चा कायदा म्हणतो गेल्या ११,७०० वर्षांच्या आसपास सरकला असेल तर सक्रिय. अमेरिकेत अणुवीज केंद्रांसाठी नियम वेगळा, गेल्या ३५,००० वर्षांत एकदा किंवा ५ लाख वर्षांत एकाहून जास्त वेळा. घरं आणि अणुभट्ट्या बांधायच्या तर कुठेतरी रेघ मारावीच लागते, ते मान्य, पण फॉल्टला या तारखा माहीत नसतात. त्याच्या दृष्टीने आजचा दाब कुठून येतोय, आपला त्याच्याशी कोन किती, पोटात माती आहे की क्वार्ट्झ आणि पाण्याचा दाब किती चढलाय, एवढंच. ले तेयच्या भूकंपानंतर जवळच्या क्रुआस अणुवीज केंद्रातल्या अणुभट्ट्या तपासणीसाठी काही काळ बंद ठेवाव्या लागल्या, आणि त्या परिसरातल्या अशाच जुन्या फॉल्टांवर आडवे चर खणून बघायचं काम सुरू झालं. चराच्या भिंतीत शोधायचं काय, तर अगदी वरचा, हिमयुगानंतरचा मातीचा थर फॉल्टपाशी तुटलाय की सलग आहे एवढंच.